जुन्या बोटीला पंखा (प्रोपेलर) कोणता घ्यावा? (४० एचपी, हतनूरचा फुगवटा)

केळीबाग

राम राम मंडळी. मागच्या वर्षी आम्ही तिघा मित्रांनी मिळून कोकणातून एक जुनी फायबरची बोट आणली. पंधरा फुटी, मागे यामाहाची ४० एचपीची दोन-स्ट्रोक मोटर, हातात दांडा धरून चालवायची, मीटर-बिटर काही नाही. विकणाऱ्याने वय दहा वर्षं सांगितलं होतं. मोटर उघडून पाहिलेल्या मेकॅनिकने ते दुप्पट केलं. परवानगीचे सोपस्कार उरकून आता तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या अलीकडे, सुट्टीच्या दिवशी फिरवतो.

मी एकटा असलो की बरी पळते. चौघं बसलो आणि भरीत पार्टीचं सामान टाकलं (वांगी, पातेलं, कळण्याचं पीठ, वीस लिटरचा पाण्याचा जार) की नाक वर करून बसते आणि पाणी नांगरत चालते. पूर्ण थ्रॉटल दिला तरी मोबाइलवर ताशी २७ च्या वर जात नाही. इंजिनाचा आवाजही दबलेला, कोणी तोंडावर उशी ठेवल्यासारखा.

पंख्यावर ११ १/८ × १३ - जी असं कोरलंय. तीन पाती, अ‍ॅल्युमिनियम, एका पात्याची कड कोणी चावल्यासारखी झालीय. मुंबईच्या एका दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला स्पीड पाहिजे ना, डोळे झाकून १५ पिचचा स्टेनलेस घ्या. किंमत ऐकून डोळे उघडले. आपल्या जळगावात पाईप मिळतो, चटई मिळते, डाळ मिळते, सोनं मिळतं, पण पंखा म्हटलं की दुकानदार छताकडे बघतो. म्हणून इथे विचारतोय. मोठा पंखा घेऊ का?

भरीतप्रेमी

पाण्याचा जार कशाला नेता भो? खाली सगळं पाणीच आहे.

दर्यावर्दी_मालवण

१५ चा विचार सोडा. आधी त्या आकड्यांचा अर्थ बघा. पहिला आकडा पंख्याचा व्यास, इंचात. दुसरा पिच. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जितका आत शिरतो तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यात किती पुढे सरकेल तो आकडा, तोही इंचात. पाणी लाकडासारखं घट्ट नसल्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा घसरतो, त्याला स्लिप म्हणतात. शेवटचं 'जी' हे अक्षर त्या मोटरच्या आसाला कोणता पंखा बसेल त्याची खूण. दुसऱ्या अक्षराचा पंखा फुकट मिळाला तरी बसणार नाही.

पिच वाढला म्हणजे वेग वाढला हे फक्त तेव्हा खरं, जेव्हा इंजिन तो पंखा पुऱ्या फेऱ्यांनी फिरवू शकतं. तुमचं इंजिन १३ लाच दमतंय. १५ लावलात तर बोट आणखी हळू जाईल, पेट्रोल जास्त पिईल आणि पिस्टनवर कार्बन चढेल तो वेगळा.

ढोबळ हिशेब असा की पिच एक इंच कमी केला की पूर्ण थ्रॉटलला १५० ते २०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढतात. तुमच्या मोटरची हद्द पुस्तकात बघा, बहुतेक ४५०० ते ५५०० असेल. नेहमीच्या वजनाने बोट पूर्ण थ्रॉटलला या हद्दीत, शक्यतो मधल्या नाहीतर वरच्या भागात, आली पाहिजे. आता किती येतात?

केळीबाग

दादा, मीटरच नाही तर सांगू काय! कानाने मोजले तर "कमी".

लोको_फिटर

कान चांगलाय तुझा, पण कानावर इंजिन बांधत नाहीत.

मी भुसावळच्या शेडमध्ये बरीच वर्षं काढली. बोटीतला तज्ज्ञ नाही, पण फिरणारी वस्तू कुठलीही असो, तिला आधी विचारायचं असतं. ओव्हरलोड इंजिन म्हणजे तोरणमाळचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढणारी जीप. गाडी चढते, पण ड्रायव्हरला कळत नाही की खाली बेअरिंगवर काय चाललंय. जीपला गिअर खाली टाकता येतो. बोटीला पुढे जायचा गिअर एकच, म्हणून पंखा हाच तुझा गिअर.

रुपया खर्च करण्याआधी एवढं कर. सगळ्यात आधी प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा डिजिटल आरपीएम मीटर मिळतो तो घे. स्वस्त असतो. सेटिंग मात्र तुझ्या इंजिनाप्रमाणे कर, नाहीतर दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवेल आणि तू आनंदाने नाचशील. मग गिअर रेशो काढ, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे होतात ते. किल-स्विचची (इंजिन बंद करणारी) दोरी काढून ठेव, दोन्ही प्लग काढ, मोटर पुढच्या गिअरमध्ये टाक. वरचं फ्लायव्हील हाताने सावकाश फिरव आणि पंखा किती फिरतो ते मोज. एका फेऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, दहा-बारा फेरे मोज.

पंखा काढून त्याच्या मधल्या रबराची तपासणीही कर. बाहेरचा गोळा आणि आतली दात्यांची नळी यांच्यामध्ये रबर दाबून बसवलेलं असतं, दगडाला आपटलं तर गिअर वाचावा म्हणून. जुन्या पंख्यात ते सुटतं आणि आतल्या आत घसरतं. इंजिन किंचाळतं, बोट जागची हलत नाही. तुझं लक्षण उलटं आहे, इंजिन दबतंय, म्हणजे बहुधा ते नाही. तरी नळीपासून गोळ्यापर्यंत एक सरळ रेघ पेंटने ओढ आणि एक फेरी मारून ये. रेघ तुटली तर रबर गेलं.

आणि काढतोच आहेस तर त्या पंख्याचा पिच घरी मोज. कोरलेला आकडा कारखान्यातून निघताना खरा होता. वीस वर्षांत त्याने काय काय खाल्लंय देव जाणे.

केळीबाग

काका, पिच घरी कसा मोजायचा?

लोको_फिटर

सोपं आहे. सपाट टेबलावर, जेवणाच्या नको, वहिनी घराबाहेर काढतील, एक मोठा कागद पसर. मधोमध बिंदू घे आणि त्यातून एकमेकींशी ३० अंशांचा कोन करणाऱ्या दोन रेघा काढ. त्याच बिंदूवरून १०० मिलिमीटर त्रिज्येचा कंस मार. पंखा बरोबर मध्यावर उताणा ठेव, म्हणजे पात्याची पाणी ढकलणारी बाजू तुझ्याकडे येईल. आता दोन्ही रेघा त्या कंसाला जिथे छेदतात तिथे, पात्याच्या पृष्ठभागाची टेबलापासूनची उंची गुण्याने आणि उभ्या पट्टीने मोज. दोन उंचींतला फरक गुणिले बारा म्हणजे पिच. बारा का, तर ३० अंश म्हणजे पूर्ण फेऱ्याचा बारावा भाग.

१३ इंच म्हणजे ३३० मिलिमीटर. बाराने भागलं तर साडेसत्तावीस. तिन्ही पात्यांचा फरक तेवढाच यायला हवा.

तापीनं_पानी

भाऊ, मी सारंगखेडाना. मन्हाकडे १२ ना पंखा पडेल शे, तोच 'जी' वाला. लई जाय, लाई देख, मंग इकत ले. पैसा नको, येतांना एक घड केयी लई येजो.

बाकी मोठी मोटर म्हणून मोठा पंखा, हा गैरसमज आमच्याकडेही सगळ्यांना असतो. माझा पुतण्या असाच १४ लावून बसला होता. बॅरेजच्या पाण्यात दोन पोती सिमेंट टाकलं की बोट उठायचीच नाही.

नर्मदाकाठ

आम्ही धडगावकडचे. सरदार सरोवराच्या पाण्यात आमच्याकडे लाकडी आणि लोखंडी बोटी चालतात, माणसं, शेळ्या, मोटारसायकल, सगळं एकत्र. त्यांना डिझेल इंजिन आणि खाली भला मोठा रुंद पंखा, पिच अगदी कमी. पंखा हळू फिरतो आणि भरपूर पाणी ढकलतो. कारण ती बोट पाण्यावर चढणारच नसते, पाणी कापत जाते. कितीही ताकद लावली तरी एका मर्यादेनंतर फक्त लाट मोठी होते.

केळीबाग भाऊंची बोट वेगळी. तिचं बूड मागे सपाट असणार, वेग आला की ती पाण्यावर चढून बसते आणि मग हलकी होते. चौघांच्या वजनाने ती त्या उंबरठ्यावरच अडकलीय. इथे पाचपन्नास आरपीएमचा फरकही मोठा ठरतो. उंबरठा ओलांडला की एकदम सुटेल.

दर्यावर्दी_मालवण

बरोबर. आणि एक विसरलो. बोट समुद्रातून गोड्या पाण्यात आली आहे. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, त्यामुळे तीच बोट तुमच्याकडे थोडी खोल बसेल. फरक किरकोळ आहे, पण उंबरठ्यावर असलेल्याला किरकोळही लागतं. मोटरच्या पायाला जस्ताचा तुकडा (गंज स्वतःवर घेणारा) असेल तर तोही बदला. जस्त खाऱ्या पाण्यासाठी. गोड्या पाण्यात त्यावर पापुद्रा धरतो आणि तो काम करायचं सोडतो. तिथे मॅग्नेशियमचा लावतात, अ‍ॅल्युमिनियमचाही चालतो.

मोटर किती खोल बसवलीय? पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या बुडाच्या रेषेत असायला हवी, फार तर बोटभर खाली.

चक्रवाक

विषय पंख्याचा आहे, तरी बोलतो. हिवाळ्यात हतनूरला बदकांचे मोठे थवे उतरतात. आम्ही दरवर्षी मोजायला जातो. पूर्ण थ्रॉटलच्या चाचण्या करायच्याच असतील तर उथळ दलदलीच्या कडेने करू नका. एकदा थवा उठला की तासभर खाली बसत नाही, आणि त्या तासाची भूक त्या पक्ष्यालाच भरावी लागते.

केळीबाग

बरोबर आहे दादा. चाचण्या मधल्या खोल पात्रातच करू. तिकडे कडेला जायची माझीही हिंमत नाही. केळीवाल्यांचे (म्हणजे आमचेच) मोटारपंपाचे पाईप, फूटव्हॉल्व्ह, दोऱ्या, केबल सगळं तिथेच पाण्यात. तो चावलेला पंखा बहुतेक कोणाच्या तरी पाईपवरच चावलाय.

केळीबाग (बारा दिवसांनी)

मंडळी, अभ्यास करून आलो. गृहपाठ तपासा.

गिअर रेशो: फ्लायव्हील २६ वेळा फिरवलं, पंखा १३ वेळा फिरला. म्हणजे दोनास एक. दंड भरून आला.

रबर: रेघ जशीच्या तशी. शाबूत.

पिच: इथे मजा झाली. काकांच्या पद्धतीने मोजलं, मुलीच्या शाळेचा कोनमापक घेऊन. पहिलं पातं २७ मिलिमीटर. दुसरं २८. तिसरं, तेच चावलेलं, ३१! दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मुलीला मोजायला लावलं, तिचंही ३१. बाराने गुणलं तर ३७२ मिलिमीटर, म्हणजे साडेचौदा इंचांच्या वर. एकाच पंख्यात दोन पाती १३ ची आणि एक साडेचौदाचं. दांड्याला थरथर का येते ते आत्ता कळलं. मी इतके दिवस ती थरथर दोन-स्ट्रोकच्या नावावर खपवत होतो.

मोटरची उंची: ती आडवी पट्टी बुडाच्या दोन इंच खाली होती. आधीच्या मालकाच्या लाटांसाठी ठीक असेल.

आरपीएम: चौघं आणि पार्टीचं सामान, पूर्ण थ्रॉटल, ३९००. पुस्तकातली हद्द ४५०० ते ५५००, दर्यावर्दी दादांनी सांगितली तीच. वेग २७, वाऱ्याच्या बाजूने आणि वाऱ्याच्या विरुद्ध अशा दोन फेऱ्यांची सरासरी. एकट्याने ४३५०.

लोको_फिटर

शाबास. आता स्लिप काढ. आरपीएम गुणिले पिच गुणिले ०.००१५२४, भागिले गिअर रेशो, की ताशी किलोमीटर मिळतात. ३९०० गुणिले १३ गुणिले ०.००१५२४, भागिले २, म्हणजे ३८.६. पंखा ३८.६ म्हणतो, बोट २७ चालते. तीस टक्के घसरण. अशा बोटीला दहा ते वीस टक्के चालतात. तीस म्हणजे बोट चढलेलीच नाही, शिवाय ते वाकडं पातं.

पण ऐक, अजून पंखा मागवू नकोस. बोटीचं वजन केलंस का? जुन्या फायबरच्या बोटीत फळ्यांखाली फोम भरलेला असतो, बुडू नये म्हणून. वर्षानुवर्षं पाणी मुरलं की तोच फोम बोटीला खाली ओढतो.

केळीबाग

वजन कुठे करणार काका? घरच्या काट्यावर केळीचा घड होतो.

भरीतप्रेमी

वजनकाटा कशाला असतो गावात? कापसाचे ट्रॅक्टर जिथे मोजतात तिथे लाव की रांग!

केळीबाग (चार दिवसांनी)

भरीतप्रेमी, तुझं तोंड गोड कर. खरंच लावली रांग. पुढे कापसाची ट्रॉली, मागे कापसाची ट्रॉली, मध्ये ट्रेलरवर बोट. काट्यावरच्या माणसाने पावतीवर मालाच्या रकान्यात काय लिहावं म्हणून दोन मिनिटं विचार केला आणि शेवटी "इतर" लिहिलं. ट्रेलर, बोट, मोटर मिळून ६४० किलो.

मग मागची फळी उचकटली. फोम हाताने दाबला तर स्पंजासारखं पाणी सुटलं, काळपट, कुजका वास. मागचा सगळा काढला, बोट नाक वर करून दोन दिवस उन्हात ठेवली. बुडातलं भोक उघडं ठेवलं तर पहिल्या रात्रीच खालची बादली भरून वाहिली. परत काट्यावर: ५५०. नव्वद किलो! म्हणजे इतके दिवस मी एक पूर्ण माणूस आणि त्याचं जेवण फुकट फिरवत होतो. नवीन बंद पेशींचा फोम टाकला, तो चार-पाच किलोच्या वर नाही. फोमशिवाय बोट चालवू नका म्हणून दर्यावर्दी दादांनी मेसेजमध्ये खडसावलं होतं, ते ऐकलं.

मोटरचे क्लॅम्प सैल करून खाली ३५ मिलिमीटरची सागवानी पट्टी दिली आणि बोल्ट नव्या भोकांतून कसले. जुनी भोकं इपॉक्सीने बुजवली.

आता तोच वाकडा पंखा, तीच चौघं, तेच सामान: ४३०० आरपीएम, वेग ३३. पंख्याला हातही न लावता ताशी सहा किलोमीटर!

दर्यावर्दी_मालवण

आता पंख्याची पाळी. ४३०० वरून हद्दीच्या आत, म्हणजे ४७०० च्या आसपास यायचं तर साधारण दोन इंच पिच कमी करून बघा. त्या मोटरला त्याच अक्षरात ११ ३/८ × १२ आणि ११ ५/८ × ११ असे मिळतात. गंमत बघा, पिच कमी होतो तसा व्यास वाढतो. पिच कमी केल्याने हलकं झालेलं ओझं व्यास थोडं परत घालतो. म्हणून पूर्ण चारशेची अपेक्षा धरू नका.

तापीनं_पानी

मन्हा १२ वाट देखी राह्यना. कवय येस?

केळीबाग (पुढच्या सोमवारी)

सारंगखेड्याला जाऊन आलो. केळी पोचवली. नानांनी (तापीनं_पानी म्हणजे वयाने आमचे नानाच निघाले) पंखा दिलाच, वर शेवभाजी खाऊ घातली. त्यांच्याच ओळखीच्या एकाकडून ११ सुद्धा दोन दिवसांसाठी मिळाला.

चौघं आणि सामान घेऊन, एकाच सकाळी, टाकी अर्धी:
१२ पिच: ४५५० आरपीएम, वेग ३४.
११ पिच: ४७५० आरपीएम, वेग ३४.

एकट्याने ११ लावून ५२५० आणि वेग ३८. एकट्याने जुन्या १३ वर ३९ मिळत होते, म्हणजे एकटं असताना एक किलोमीटर गेला.

आकड्यात १२ आणि ११ सारखेच दिसतात, पण हाताला फरक कळतो. १२ ला थ्रॉटल दिल्यावर बोट विचार करते, नाक उचलते, थांबते, मग चढते. मी घड्याळ लावलं: नऊ सेकंद. ११ ला पाच. आणि १३ ला, फोम काढल्यानंतरसुद्धा, चौदा. मागे बसलेल्याच्या मांडीवरचं भरिताचं पातेलं ११ ला सांडलं नाही हीसुद्धा नोंद घ्यावी.

कोणता ठेवू?

नर्मदाकाठ

११. चौघं हेच तुमचं नेहमीचं वजन असेल तर प्रश्नच नाही.

मोटरवेडा_धुळे

मी १२ म्हणेन. ४५५० हद्दीत आहे. निम्म्या थ्रॉटलला निवांत फिरताना जास्त पिचचा पंखा तेवढ्याच वेगाला कमी फेरे घेतो, आवाज कमी. आणि ११ वर एकटा असताना कधी ५५०० ओलांडून जाईल. फेरे जास्त झाले तरी इंजिनाचं नुकसानच. शिवाय चार पात्यांच्या पंख्याचा विचार का नाही? पकड चांगली असते.

दर्यावर्दी_मालवण

एकट्याने ५२५० आलेत, ५५०० ला अजून जागा आहे. आणि १२ चे ४५५० हे थंडीतले. मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४५ ला गेला की हवा विरळ होते, इंजिनाची ताकद थोडी पडते आणि ते ४५५० हद्दीखाली घसरतील. गरम दिवशी, भरल्या बोटीने काय होतं ते बघून ठरवायचं असतं.

चार पाती: वळणावर आणि कमी वेगात पकड चांगली, थरथर कमी, हे खरं. पण त्याच पिचला फेरे थोडे कमी येतात, म्हणून पिच आणखी एक इंच उतरवावा लागतो. वीस वर्षांच्या ४० एचपीला आधी साधे तीन पाती पुरेत.

केळीबाग

आणि स्टेनलेस? दुकानदार अजून फोन करतोय.

लोको_फिटर

तुझ्या पाण्यात पाईप आहेत, फूटव्हॉल्व्ह आहेत, पाणी उतरलं की दगडही वर येतात. अ‍ॅल्युमिनियमचं पातं आपटलं की वाकतं, तुटतं, आणि धक्का तिथेच संपतो. स्टेनलेस वाकत नाही. धक्का आत जातो, आसापर्यंत, गिअरपर्यंत. रबर थोडं वाचवेल, पण जुन्या मोटरच्या गिअरला कशाला परीक्षेला बसवतोस? स्टेनलेसची पाती पातळ आणि ताठ असतात म्हणून वेग थोडा वाढतो, खोल मोकळ्या पाण्यात घ्यावा. तुला दोन किलोमीटर वाढवून काय करायचंय, चांगदेवला लवकर पोचून देव उठवायचाय?

नवीन बसवताना आसाच्या दात्यांना वंगण लाव. पंख्याच्या पुढची जाड वॉशर बरोबर बाजूने बसव, उलटी बसली तर घासते. पातं आणि आडवी पट्टी यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून नट कस, कॉटर पिन दर वेळी नवीन. आणि पंखा काढलाच आहेस तर आसाला मासेमारीचा दोरा गुंडाळलाय का बघ. तो सीलच्या खाली शिरतो. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून थेंब बघ. दुधासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलंय.

केळीबाग

काका, तुम्ही लिहिलंत म्हणून बघितलं. आसावर नायलॉनचा दोरा होता, सहा-सात वेढे, वितळून अंगठीसारखा घट्ट. ब्लेडने कापून काढला. ऑइल काळं होतं, पांढरं नाही. वाचलो. तरी सील मागवलंय.

नवा_गडी

माझ्याकडे ८ एचपीची छोटी मोटर आहे, रबर नाही, आसात नुसती पिन आहे. मला हे सगळं लागू आहे का?

दर्यावर्दी_मालवण

पिच आणि फेऱ्यांचा हिशेब तोच. तुमच्याकडे रबराचं काम ती पिन करते, धक्का बसला की ती तुटते आणि गिअर वाचतो. तिच्या जागी खिळा किंवा पोलादी तुकडा घालू नका, त्याच धातूची पिन घाला. चार-पाच जास्तीच्या पिना, पक्कड आणि एक वल्हं बोटीत ठेवा. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, सीटखाली नाही.

केळीबाग (तीन आठवड्यांनी)

११ ५/८ × ११ - जी मागवला, अ‍ॅल्युमिनियम, तीन पाती. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला, कोणाच्या तरी लग्नाच्या आहेराखाली दाबून. आल्याबरोबर टेबलावर कागद पसरून मोजला, तिन्ही पाती २३ आणि थोडं वर. मुलगी म्हणाली, पप्पा, हा पास.

काल चौघं गेलो, संगमाच्या अलीकडे मधल्या पात्रात. ४८०० आरपीएम, वेग ३५. येताना पाऊण थ्रॉटललाही पाण्यावर चढूनच राहिली, पूर्वी जरा सोडलं की खाली बसायची. दुपारपर्यंत फिरून टाकीत नेहमीपेक्षा बरंच पेट्रोल उरलं. नेमकं किती ते पुढच्या वेळी मोजून सांगतो, नाहीतर काका कान धरतील.

नानांचा १२ परत करायला येत्या रविवारी सारंगखेड्याला निघतोय. दुकानदाराचा फोन उचलायचा बंद केलाय. वाकड्या १३ चं काय करू? सबमर्सिबल पंपाचे इम्पेलर दुरुस्त करणारा एक लेथवाला आहे, तो म्हणतो तापवून सरळ करून देतो.

लोको_फिटर

तापवू देऊ नकोस, अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं आणि पुढच्या पाईपला कागदासारखं दुमडेल. चावलेली कड बारीक कानशीने गुळगुळीत कर, ते पातं लाकडाच्या ठोकळ्यावर थंडच हळूहळू ठोकून २८ पर्यंत आणायचा प्रयत्न कर, भेग दिसली तर थांब. जमलं तर बोटीत जास्तीचा म्हणून ठेव. पाना, ठोकळा, दोन कॉटर पिना आणि एक नट त्याच पिशवीत बांधून ठेव. नट पाण्यात पडतोच.

तापीनं_पानी

रविवारले ये. यावेळी वांगा लई येजो, भरीत आठेच करूत.